दोन ट्रक, दोन नंबर

चवथीला गावी गेलो की आमच्या देवाला नमस्कार करून झाल्यावर मी शेजारी मावसभावाकडे जातो. त्याच्या घराच्या मागच्या बाजूला एक टिपर ट्रक उभा आहे. टायर नाहीत, त्यामुळे तो चिऱ्यांच्या थरांवर टेकलेला. हौद्यात दर पावसाळ्यात माती साठत गेली, पाचोळा कुजला आणि दोनतीन वर्षांपूर्वी भावाच्या बायकोने त्यात भोपळ्याचं बी टोचलं. वेल असा माजला की केबिनच्या एका खिडकीतून आत शिरून दुसऱ्या खिडकीतून बाहेर आला. या चवथीला त्याच वेलाचा भोपळा माटोळीला बांधला होता. भाऊ हसत म्हणाला, "पळय दादा, ट्रकाचें उत्पन्न. हप्तो ना, डिझल ना!"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या ट्रकाच्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून माझी सही होती, त्यामुळे माझं हसणं जरा लवकर थांबलं. घरी परतल्यावर वाटलं, हा हिशोब एकदा लिहून काढावा. त्यात माझीही चूक आहे, ती आधीच कबूल करतो.

मी डिचोली तालुक्यातल्या शाळांत ३१ वर्षं गणित शिकवलं. व्यस्त चलनाचं उदाहरण तुम्हीही शाळेत सोडवलं असेल. एक काम ५ मजूर १२ दिवसांत करतात, तर तेच काम १० मजूर किती दिवसांत करतील? उत्तर ६ दिवस. मुलं भराभर उत्तर काढायची, मी बरोबरची खूण करायचो आणि आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळायचो. पण पूर्वी ज्याला १२ दिवसांची मजुरी मिळत होती त्याला आता ६ दिवसांचीच मिळणार, मग उरलेले ६ दिवस त्याने काय खायचं, हा प्रश्न पुस्तकात नव्हता. मीही तो कधी विचारला नाही. काम लवकर संपतं हे शिकवलं. काम तेवढंच राहून वाटेकरी दुप्पट होतात, हे शिकवायचं राहून गेलं. आणि ज्या वर्षांत मी फळ्यावर हे उदाहरण मांडत होतो, त्याच वर्षांत शाळेच्या खिडकीबाहेरून ते रोज धूळ उडवत जात होतं.

गोव्यातलं लोहखनिज परदेशी जाऊ लागलं ते पोर्तुगीज अमदानीतच. जपान हा जुना गिऱ्हाईक. आमच्या लहानपणी गावात ट्रक मोजकेच होते आणि ट्रकमालक म्हणजे मोठं प्रस्थ. २००० नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली. २००८ चं बीजिंग ऑलिंपिक जवळ आलं तशी आमच्याकडची कमी प्रतीची माती, जिला पूर्वी कोणी विचारत नव्हतं आणि जी ढिगांत पडून होती, तिलाही भाव आला. २०१०-११ साली निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली. ही माती खाणीवरून टिपरने नदीच्या धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात आणि मग जहाजावर, असा तिचा प्रवास. खाण मोठ्या घराण्यांची आणि कंपन्यांची, जहाज परदेशी. आमच्या गावकऱ्याच्या वाट्याला आला तो मधला तुकडा, म्हणजे खाण ते धक्का. तो माती विकत नव्हता, हमाली विकत होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला सेवा व्यवसाय म्हणतात. नाव भारदस्त आहे.

माझा मावसभाऊ पूर्वी वडिलोपार्जित कुळागर सांभाळायचा आणि हंगामात दुसऱ्याच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून जायचा. २००४ मध्ये त्याने स्वतःचा पहिला ट्रक घेतला. दिवसाला पाच ट्रिपा सहज व्हायच्या. तीन वर्षांत कर्ज फिटलं, घरावर स्लॅब पडला, मुलगा डिचोलीच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागला. हे सगळं गावाने पाहिलं. डोळ्यांना स्लॅब दिसतो. ट्रकाचे झिजलेले टायर, मोडलेली पाठ आणि रात्रीची जागरणं दिसत नाहीत. २००७ मध्ये त्याने दुसरा घेतला. तोवर वाड्यावाड्यांवर ट्रक आले होते. कोणी दुबईहून आणलेले पैसे घातले, कोणी बायकोचं सोनं ठेवलं, कोणी नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली. माझ्याच शाळेत मागच्या बाकावर बसणारी मुलं ट्रकमालक झाली. रस्त्यात भेटली की ब्रेक मारून "मास्तर, बसा" म्हणायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू?

२०१० च्या मार्गशीर्षात भाऊ संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसला. चहा घेऊन झाला, सुपारीच्या भावाची चौकशी झाली. मग हळूच म्हणाला, "दादा, एक सही जाय आशिल्ली."

तिसरा ट्रक. कर्ज १४ लाखांचं, चार वर्षांचं, महिन्याला ३७ हजारांच्या आसपास हप्ता. तारण म्हणून ट्रक आणि कुळागर, आणि जामीन म्हणून पगारदार माणूस. गावात पगारदार म्हणजे मास्तर.

मी विचारलं, "अरे, दोन आहेत ना? त्यांना काम पुरतं का?"

तो म्हणाला, "पुरत नाही, म्हणूनच तर तिसरा."

मला कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं. ट्रक वाढले तशी भांडणं वाढली, म्हणून मालकांनी एकत्र येऊन नंबर लावायला सुरुवात केली. ज्याचा नंबर येईल त्याचा ट्रक भरणार. बाहेरचे ट्रक घ्यायचे नाहीत, आपल्याच गावाचे घ्यायचे, हेही ठरलं. पण आपल्या गावाचे किती, हे कोणी ठरवलं नाही. पाच ट्रिपांच्या जागी आता एका ट्रकाला दोन, फार तर तीन ट्रिपा मिळत होत्या. नंबर ट्रकाला मिळतो, माणसाला नाही. "दोन ट्रक आसल्यार दोन नंबर मेळटात, तीन आसल्यार तीन," तो म्हणाला. दोन ट्रकांवर पूर्वीच्या एका ट्रकाएवढी कमाई होत होती. ती पुन्हा वाढवायची तर रांगेत आपला आणखी एक नंबर हवा.

मी सही केली. आज ते बोलणं आठवतं तेव्हा वाटतं, सगळा रोग त्याने मला दोन वाक्यांत सांगितला होता आणि मी तो ऐकून पेन शोधायला उठलो.

कारण बघा. एखाद्या धंद्यात गर्दी झाली की लोक बाहेर पडतील आणि गर्दी आपोआप कमी होईल, असं आपण समजतो. आमच्याकडे उलट झालं. गर्दी झाली म्हणूनच लोकांनी आणखी पैसे ओतले. ट्रिपा कमी झाल्या की प्रत्येकाला आपला हिस्सा टिकवायला आणखी एक ट्रक हवासा वाटतो. एकट्या माझ्या भावापुरतं पाहिलं तर त्याचं अजिबात चुकलं नव्हतं. त्याने तिसरा घेतला असता आणि बाकीच्यांनी घेतला नसता तर त्याची कमाई नक्की वाढली असती. पण त्याच महिन्यात तेच गणित करून आणखी किती जणांनी सह्या गोळा केल्या असतील? सगळ्यांनी एकेक ट्रक वाढवल्यावर रांगेतली प्रत्येकाची जागा होती तिथेच राहिली. वाढले ते फक्त हप्ते.

सोपा हिशोब मांडून दाखवतो. ट्रकात १० टन माती मावते असं धरा. ५ कोटी टनांच्या ५० लाख ट्रिपा होतात. पावसाळा वगळून वर्षाला २०० दिवस वाहतूक चालली असं समजू. दिवसाला २५ हजार ट्रिपा. ट्रक ५ हजार असले तर प्रत्येकाला पाच ट्रिपा. साडेबारा हजार असले तर दोन. इथे ट्रकांचे आकडे मी फळ्यावरच्या उदाहरणासारखे घेतले आहेत, पण पाचाच्या दोन ट्रिपा कशा होतात ते कळायला एवढं पुरे. आणि हे सुगीच्या वर्षातलं गणित. निर्यात सर्वांत मोठी होती तेव्हाचं. आठवीच्या मुलाने पाच मिनिटांत सोडवलं असतं. मास्तरने सोडवलं नाही.

कर्ज देणाऱ्यांनीही नाही. त्यांचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण एकजण नव्हताच, सगळेच देत होते. त्यांच्या टेबलावर एका वेळी एक अर्ज यायचा. अर्जदाराचा जुना हप्ता वेळेवर, जामीनदार पगारदार, जमीन नावावर. अर्ज चोख. पण शेजारच्या टेबलावरही तसाच चोख अर्ज आहे आणि दोघांची मिळकत एकाच खाणीवरच्या एकाच रांगेतून यायची आहे, हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं. तारणाचं तर त्याहून मोठं कोडं. ट्रक तारण ठेवला की हप्ता थकल्यावर तो विकून पैसे वसूल करता येतात, असं म्हणतात. पण एकाचा हप्ता थकला तर ट्रक विकला जातो. सगळ्यांचे एकाच दिवशी थकले तर घेणार कोण?

ट्रकांच्या मागोमाग बाकीची जत्राही आली. टायरची दुकानं, गॅरेज, स्पेअर पार्ट, वेल्डिंग, ड्रायव्हरांच्या चहा-भजीचे गाडे, बाहेरून आलेल्या ड्रायव्हर-क्लीनरसाठी भाड्याच्या खोल्या. एका वळणावर तीन टायरवाले झाले. सेवेची सेवा करणारे, आणि त्यांची सेवा करणारे. प्रत्येकाने कुठून तरी उसने पैसे घेतलेले. मुळाशी पाहिलं तर सगळ्यांचं पोट एका मातीच्या ढिगावर, आणि त्या ढिगाचा भाव ठरत होता चीनमध्ये.

इथे मला आमच्या देवळातली पाळी आठवते. गोव्यातल्या वाचकांना पाळी म्हणजे काय हे सांगायला नको. देवाची सेवा घराण्यांकडे वाटून दिलेली, आणि वर्षाचे दिवस ठरलेले. घर वाढलं, भाऊ वेगळे झाले की पाळीचीही वाटणी होते. आजोबांच्या वेळी जी पाळी दर वर्षी यायची ती नातवाच्या वाट्याला चार-पाच वर्षांनी एकदा येते. म्हणजे तीही एक भरलेली रांगच. पण तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे आपली पाळी कधी येणार आणि तिच्यात किती मिळणार हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असायचं, म्हणून त्या घरांतली मुलं शिकायला, नोकरीला, मुंबईला निघून गेली आणि पाळीपुरती गावी येऊ लागली. दुसरी म्हणजे जास्त पाळ्या मिळाव्यात म्हणून कोणी कर्ज काढू शकत नव्हतं. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता, जन्माने माणसाला बांधून ठेवणारी होती ती, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण देवळाच्या पायरीवर बसून वाटेकरी मोजण्याची अक्कल जुन्या माणसांना होती. आम्ही ट्रकांना नंबर दिले आणि मोजायला विसरलो.

पुढचं तुम्हांला ठाऊकच आहे. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. चवथीला नऊ दिवस राहिले होते. पाऊस थांबला की हंगाम सुरू होणार म्हणून भावाने तिन्ही ट्रकांची डागडुजी उधारीवर करून घेतली होती. दसऱ्याला त्याने नेहमीप्रमाणे ट्रक धुतले, रोझांची माळ घातली, नारळ फोडला, आणि तिन्ही ट्रक होते तिथेच उभे राहिले. त्या दिवशी गावातून चालत गेलो तर प्रत्येक अंगणात झेंडूच्या माळा घातलेला एकेक ट्रक. इतके ट्रक एका वेळी उभे असलेले मी कधी पाहिले नव्हते. पहिल्यांदाच ते मोजता आले.

मग सगळं एकदम आलं. ट्रक विकायला काढावा तर तो सगळ्यांनीच काढलेला. घाटावरचा दलाल येऊन भंगाराच्या वर थोडीशी किंमत सांगायचा. हप्ते थकले, नोटिसा आल्या. माझ्या नावाची नोटीस शाळेच्या पत्त्यावर आली आणि हेडमास्तरांनी ती न बोलता माझ्या हातात दिली. सरकारने ट्रकमालकांना अर्थसाहाय्य दिलं, कर्जात सवलतीची योजना आणली, त्याचा आधार झाला हे मान्य करायला हवं. तरी तडजोडीची रक्कम भरायला २०१४ मध्ये कुळागराचा मोठा भाग विकावा लागला. थोडे पैसे मी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून घातले. भाऊ आजही त्याचा विषय काढतो आणि मी तो टाळतो.

कुळागर विकलं त्या दिवशी त्याची आई, म्हणजे माझी मावशी, पोफळीच्या बागेत जाऊन बसली होती. ते कुळागर तिने सासू-सासऱ्यांबरोबर शिंपलेलं. खाणीचे खड्डे खोल गेल्यापासून झरीचं पाणी आटत चाललं होतंच. ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "तू शिकिल्लो मरे." म्हणजे, तू तर शिकलेला होतास ना. यापेक्षा कडक नोटीस मला कोणी पाठवली नाही.

२०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. २०१५ च्या अखेरीस काही ठिकाणी काम सुरू झालं. भावाने पहिला ट्रक भंगारात घातला, तिसऱ्याचे टायर दुसऱ्याला चढवले आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. माती निम्म्याहून कमी, त्यामुळे नंबर आठवड्यातून किती येतो हे मोजायची पाळी. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. दुसरा ट्रकही गेला. तिसरा भोपळ्यासाठी राहिला. २०२२ च्या अखेरीपासून खाणींचे लिलाव होत आहेत, काहींचं काम पुन्हा सुरू झालं आहे. भाऊ त्या वाटेला गेला नाही.

गावात आजही म्हणतात, खाणबंदीने आम्हांला मारलं. बंदीने मारलं हे खरंच. पण ज्या कारणांनी बंदी आली ती खोटी नव्हती. नियम धाब्यावर बसवून केलेलं उत्खनन, गाळाने भरलेली शेतं, आटलेल्या विहिरी आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. आणि दुसरी गोष्ट, बंदीच्या दोन वर्षं आधीच माझा भाऊ सोप्यावर बसून सांगत होता की दोन ट्रकांत एकाची कमाई होते. रांग आधीच भरली होती. बंदी आली नसती तर भाव उतरल्यावर तेच झालं असतं, फक्त जरा सावकाश.

हे सगळं जुनं झालं, ते आता का उगाळतोस, असं कोणी विचारेल. म्हणून पुढचं सांगतो.

भावाचा मुलगा आयटीआय शिकला, मोटर मेकॅनिकचं काम शिकला आणि कळंगुटच्या बाजूला दुसऱ्याच्या टॅक्सीवर ड्रायव्हर म्हणून राहिला. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एकच चर्चा. त्याच वर्षी दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला. बापासारखाच चहा घेऊन झाल्यावर म्हणाला, "काका, एक सही जाय आशिल्ली."

दोन टॅक्सी घ्यायच्या होत्या. एक स्वतः चालवणार, दुसरीवर ड्रायव्हर ठेवणार. तारण म्हणून घर. तेच घर, ज्यावर पहिल्या ट्रकाने स्लॅब घातला होता.

या वेळी मी पेन शोधायला उठलो नाही. मी त्याला म्हटलं, एक आठवडा थांब. मी त्याला शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, रोज लिही. किती भाडी मिळाली, आणि दोन भाड्यांच्या मध्ये किती वेळ गाडीत बसून काढला. आठवड्याने वही घेऊन आला. सात दिवसांत १५ भाडी आणि ४६ तास वाट बघणं. सीझनमध्ये हे. हॉटेलच्या बाहेर टॅक्सी रांगेने उभ्या, प्रत्येकाचा नंबर, नंबरावरून भांडणं, बाहेरच्या गाड्या नकोत म्हणून आंदोलनं, ॲपवरची टॅक्सी २०१८ मध्ये आली तेव्हापासूनचा राग. मी वही वाचत होतो आणि मला मातीचा वास येत होता. गोव्यात पहिलं चार्टर विमान आलं तेव्हा ज्यांनी टॅक्सी घेतली त्यांनी घरं बांधली. त्यांचे स्लॅब पाहून बाकीचे आले. मग दोन गाड्या असल्या की दोन नंबर. मग ट्रक गेलेल्या गावांतली मुलं आली. किनाऱ्यावर खोल्या, व्हिला, भाड्याच्या बाइक यांचंही चित्र वेगळं नाही. शॅक तेवढे सरकार मोजून देतं, संख्या ठरवून सोडत काढतं. त्यातही पोटभाड्याचे प्रकार होतात, पण निदान कोणी तरी मोजतं.

मी त्याला हे सगळं समजावलं. अगदी फळ्यावर मांडावं तसं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, मागीर आमी करचें तरी कितें?"

मी गप्प.

तो पुढे म्हणाला, कुळागर आहे का? नाही. झरीला पाणी आहे का? नाही. सरकारी नोकरीच्या एका जागेला किती अर्ज येतात ते तुम्हीच पेपरात वाचता. फॅक्टरीत कंत्राटावर जो पगार देतात त्यात खोलीभाडं आणि पेट्रोल सुटत नाही. रांग मोठी आहे हे मला माहीत आहे. पण रांगेत उभं राहिलं तर कधी तरी नंबर येतो. बाहेर उभं राहिलं तर तोही येत नाही. आणि मग, अजिबात आवाज न चढवता, "तुमका पेन्शन येता, म्हणून तुमका मेजपाक वेळ आसा."

हे त्याचं वाक्य मी बरेच दिवस घेऊन फिरलो. ते खरं आहे. रांग मोजायला रांगेच्या बाहेर उभं राहावं लागतं, आणि ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या भाड्यावर पेटते त्याला बाहेर उभं राहणं परवडत नाही. म्हणून मोजणं हे त्याचं काम नव्हेच. परवाने देणाऱ्याचं आहे, कर्ज देणाऱ्याचं आहे, आणि आमच्यासारख्या जामिनावर सही करणाऱ्या पगारदारांचं आहे. आम्हां तिघांनाही दरमहा पगार मिळतो, आणि मोजलं नाही तर त्यातला एकही पैसा कमी होत नाही. माझा झाला, पण तोही थोडाच.

शेवटी असं ठरलं. एक टॅक्सी. घर तारण नाही, हे मी आणि त्याच्या आईने मिळून धरून ठेवलं. सुरुवातीच्या रकमेत थोडी भर मी घातली आणि सही केली. दुसऱ्या टॅक्सीला सही करणार नाही हे स्पष्ट सांगितलं. तो नाराज होऊन गेला. भाऊही महिनाभर माझ्याशी तुटक वागला. बापाच्या तिसऱ्या ट्रकाला सही केली आणि पोराच्या दुसऱ्या टॅक्सीला नाही म्हणाला, असं गावात कोणी तरी बोललं ते माझ्या कानावर आलं. बोलणाऱ्याचं चुकलं नाही.

वही मात्र तो अजून लिहितो. पहिल्या पावसाळ्यात वाट बघण्याचे तास इतके वाढले की तो स्वतःच गाडी घरी लावून बसला. बसल्या बसल्या घरामागच्या पडवीत ग्रासकटर दुरुस्त करायला लागला. आमच्या भागात काजूच्या बागांतली झाडी मारायला घरोघर ग्रासकटर आले आहेत आणि बिघडले की लोकांना ते घेऊन म्हापशाला जावं लागायचं. पंपही येऊ लागले. या वर्षी टॅक्सीचा पावसाळ्यातला हप्ता त्याने ग्रासकटरांवर भरला. तो ट्रक हलवून तिथे शेड घालावी का, असा विचार चालू आहे. त्याची आई म्हणते, वेल आहे तोवर ट्रकाला हात लावायचा नाही.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी निघताना तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. धंदा कसा काय चाललाय, मी विचारलं. बरा चाललाय म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "काका, फुडल्या वाड्यार आनीक एकान ग्रासकटराचें दुकान घालां. त्याने माझं पाहूनच घातलंय."

मी म्हटलं, "लिही वहीत."